कोनचान कोण होता?

‘द लेजंड ऑफ झेल्डा’ हा व्हिडिओ गेम २१ फेब्रुवारी १९८६ रोजी जपानमध्ये विक्रीला आला. तो पार शेवटपर्यंत खेळणाऱ्याला राजकन्येची सुटका झाल्यावर पडद्यावर सरकत जाणारी नामावली दिसते. तीत दिग्दर्शकाचे नाव ‘एस. मियाहोन’ असे आहे आणि संगीतकाराचे ‘कोनचान’. या नावांची माणसे कंपनीच्या हजेरीपटावर सापडली नसती. मियाहोन म्हणजे शिगेरू मियामोतो. त्याच्या आडनावातल्या ‘मोतो’ या अक्षराचा दुसरा उच्चार ‘होन’ असा होतो, एवढीच ती गंमत. ‘चान’ हा लहान मुलांना आणि जवळच्या माणसांना लाडाने लावायचा प्रत्यय. आपण बाळ्या, बंडू करतो त्यातलाच प्रकार. कोनचानचे कागदोपत्री नाव कोजी कोन्दो. त्याच्या आदल्या वर्षी, सप्टेंबर १९८५ मध्ये, याच कंपनीचा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ आला होता. त्यात तर नामावलीच नव्हती. संगीतही याच माणसाचे, पण लाडाचे नावसुद्धा कुठे नाही.

या माणसाच्या मागे मी लागलो तो पेटीमुळे. मी बिबवेवाडीत पेटीचे वर्ग घेतो. गेल्या काही वर्षांत माझ्याकडे मुलांइतकेच चाळिशीच्या आसपासचे, संगणकाच्या कंपन्यांत नोकऱ्या करणारे विद्यार्थी येतात. अलंकार बोटात बसले, एखादे भजन यायला लागले की यांच्यापैकी कुणीतरी हमखास विचारतो, “सर, मारिओ बसेल का हो पेटीवर?” मग वर्गातले सगळे तो गुणगुणू लागतात, अगदी एका सुरात. चाल कुणाची आहे, असे मी एकदा विचारले. या मंडळींना नाट्यपदांचे संगीतकार तोंडपाठ असतात, ‘महल’ची चाल कुणाची हे सांगता येते. इथे मात्र एकालाही उत्तर आले नाही. ज्या सुरावटीवर त्यांचे बालपण गेले तिला कर्ता असू शकतो, हेच त्यांच्या मनात आलेले नव्हते. याला कारणे होती, आणि ती अर्धी क्योटोतली आणि अर्धी आपल्याकडची आहेत.

आपल्याकडची आधी सांगतो. निन्टेंडो या क्योटोच्या कंपनीने १९८३ च्या जुलैत ‘फॅमिकॉम’ नावाचा टीव्हीला जोडायचा डबा जपानात आणला. नव्वदच्या दशकात आपल्याकडच्या मध्यमवर्गीय घरांत आला तो बहुतेक ठिकाणी त्याच्या नकलेचा डबा. बिबवेवाडी तेव्हा भराभर भरत होती. अप्पर इंदिरानगरपासून मार्केट यार्डापर्यंत नव्या सोसायट्या उभ्या राहत होत्या आणि कुणा एकाच्या घरी ‘टीव्ही गेम’ आला की मजल्यावरची सगळी मुले त्या घरी. गेमची ती प्लॅस्टिकची वडी. तिला सगळे ‘कॅसेट’ म्हणत. वर छापलेले असायचे ‘९९९९९९९ इन १’, आणि आत तेच दहा-बारा खेळ वेगवेगळ्या नावांनी पुन्हापुन्हा. नकला करणाऱ्यांनी पडद्यावरचे कंपनीचे नावही कित्येकदा पुसून टाकलेले असे. मूळ वस्तूवर संगीतकाराचे नाव नव्हतेच. आपल्यापर्यंत येताना ती कुठल्या देशातली, कुठल्या घराण्यातली हेही गळून गेले. बदके मारायच्या ‘डक हंट’चे संगीत हिरोकाझु तानाकाचे होते आणि ‘कॉन्ट्रा’ हा कोनामी या कंपनीचा, हे त्या मुलांना कोण सांगणार?

नावाबरोबर आणखी एक गोष्ट वाटेत बदलली, आणि ती मला फार मोलाची वाटते. या गेममधले संगीत चित्राच्या मोजणीवर चालते. पडदा एकदा रंगवून झाला की संगीत एक पाऊल पुढे. जपानी टीव्ही सेकंदाला साठ वेळा पडदा रंगवायचा, आपला पाल पद्धतीचा टीव्ही पन्नास वेळा. आपल्यासारख्या देशांच्या टीव्हीसाठी जे नकली डबे बनले त्यांच्यावर साहजिकच मारिओची लय मूळच्या पाच-षष्ठांश होते. स्वराची पट्टी मात्र जवळजवळ तीच राहते, कारण स्वर ठरतो चिपच्या घड्याळावर आणि नकली चिपचे घड्याळ मूळच्या अगदी जवळ ठेवलेले असे. म्हणजे टेप हळू फिरली की आवाज जसा घोगरा होतो तसे इथे होत नाही. पट्टी तीच, लय उतरलेली. मारिओचे धावणेही त्याच हिशेबाने मंदावते आणि पडद्यावरचे घड्याळही, त्यामुळे खेळणाऱ्याला काही खटकत नाही. माझ्या दोघा-तिघा विद्यार्थ्यांना मी मूळ लयीतले ध्वनिमुद्रण ऐकवले तेव्हा त्यांची पहिली प्रतिक्रिया एकच होती, “हे जरा पळतंय.” ती चाल कशी ‘असते’ हे त्यांच्या कानांनी कायमचे ठरवून टाकले होते. एखादी बंदिश दुसऱ्या घराण्यात जाऊन जरा विलंबित व्हावी तसा हा प्रकार, फक्त इथे घराणे विजेच्या चक्रांचे.

आता क्योटोकडे. कोन्दोचा जन्म १३ ऑगस्ट १९६१ चा, नागोया शहरातला. पाचव्या वर्षापासून तो इलेक्टोन शिकला. इलेक्टोन म्हणजे यामाहा कंपनीचा विजेवर चालणारा ऑर्गन. इथे थोडे विषयांतर करतो, पेटीवाल्याला ते आवरत नाही. १८८७ साली हामामात्सु गावातल्या शाळेचा पायपेटीसारखा ऑर्गन बिघडला, तो तोराकुसु यामाहा नावाच्या कारागिराने दुरुस्त केला आणि त्यातून ही कंपनी जन्माला आली. पट्ट्यांतून हवा सोडून वाजणारे हेच विलायती वाद्य त्याच काळात आपल्याकडेही रुजत होते. आपण ते मांडीवर घेतले, भजनात आणि नाटकात नेले. गोविंदराव टेंब्यांनी त्यावर नाव कमावले, १९११ चे ‘मानापमान’ दिले, आणि बोलपट आला तेव्हा १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’लाही चाली त्यांनीच दिल्या. आणि तरीही १९४० पासून पुढची तीस वर्षे आकाशवाणीने या वाद्याला स्टुडिओत येऊ दिले नाही, कारण त्याचे स्वर ठोकून बसवलेले, त्यात मींड नाही, श्रुती नाहीत. जपानात त्याच वाद्याला वीज जोडली गेली आणि घरोघरची मुले त्यावर दोन हात आणि दोन पाय एकाच वेळी वापरायला शिकली. वरची चाल, मधली साथ आणि पायांखालचा खर्ज हे तिन्ही एका डोक्यात ठेवायची सवय कोन्दोला त्यातून लागली असणार, असे माझे मत आहे. पुढे त्याच्या वाट्याला जे यंत्र आले त्यात नेमके तेवढेच मावत होते.

ओसाका कला विद्यापीठात तो शिकला, पण संगीत विभागात नव्हे. रॉक आणि जॅझ वाजवणाऱ्या हौशी वाद्यवृंदात असायचा. विद्यापीठाच्या फलकावर निन्टेंडोची जाहिरात लागली. त्याने अर्ज केला तो त्या एकाच ठिकाणी, आणि १९८४ मध्ये रुजू झाला. कंपनीत त्याआधी आवाजाचे काम करणारे होते. वर ज्याचा उल्लेख आला तो तानाका १९८० पासून तिथे होता, पण तो अभियंता. खास संगीतरचनेसाठी घेतलेला पहिला माणूस कोन्दो.

फॅमिकॉमच्या चिपमध्ये पाच वाटा होत्या. दोन चौकोनी लहरींच्या, नाकातून बोलल्यासारखा टोकदार आवाज देणाऱ्या. एक त्रिकोणी लहरीची, गोल आणि मऊ, खर्जाला सोयीची. तिचा आवाज लहानमोठा करायची सोयच नव्हती, एकतर वाजेल नाहीतर गप्प बसेल. चौथी नुसत्या खरखरीची, जिच्यातून तालवाद्याचा भास करायचा. पाचवी ध्वनिमुद्रित तुकड्यांसाठी, पण ती जागा फार खाते. आणि जागा किती? सगळा ‘सुपर मारिओ’, चित्रे, शत्रू, आठही जगे आणि संगीत धरून, चाळीस किलोबाइटचा. आज फोनवर आलेले लग्नपत्रिकेचे चित्र त्याच्या कितीतरी पट असते. त्यात आणखी एक अडचण. मारिओने उडी मारली किंवा नाणे घेतले की तो आवाज काढायला चौकोनी वाटांपैकीच एक लागते. तेवढ्या क्षणापुरता संगीतातला एक आवाज उसना जातो. मैफलीत साथीदाराने मध्येच हात उचलून पाहुण्याला पाणी द्यावे आणि पुन्हा वाजवायला लागावे, तसे हे सतत चालू असते. चाल अशी हवी की हात कितीदा उचलला तरी तोल जाऊ नये.

कोन्दोने पहिल्यांदा मोकळ्या माळरानावरच्या दृश्यासाठी एक चाल केली होती, ती त्याने स्वतःच टाकून दिली. चाल वाईट होती म्हणून नव्हे. मारिओ प्रत्यक्ष पळू लागला, उड्या मारू लागला तेव्हा त्या हालचालीशी तिची लय जमेना. मग खेळ चालू ठेवून, बोटे कशी पडतात ते बघत त्याने नवी चाल बांधली. पाण्याखालचा भाग त्या मानाने सहज झाला, कारण तिथे पोहणे, डुलणे. तिथे तीन मात्रांचा वॉल्ट्झ आपोआप बसला. दादऱ्याचे वजन ज्याच्या अंगात आहे त्याला तो लगेच ओळखू येईल. आपल्याकडे नृत्याची साथ करणाऱ्या तबलजीला हे शास्त्र नवे नाही. फरक एवढाच की तबलजीला नर्तकी समोर दिसते. कोन्दोला मात्र जी बोटे कधी दिसणार नाहीत अशा अनोळखी माणसांची साथ आधीच लिहून ठेवायची होती.

पहिल्या टप्प्यावर पडद्यावरचे घड्याळ ४०० पासून उलटे चालते. ते आकडे म्हणजे सेकंद नव्हेत. मूळ यंत्रावर चारशेचे १६० सेकंद होतात. मुख्य चाल दीड मिनिटाच्या आत एक फेरा पूर्ण करते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. घड्याळात शंभर उरले की एक सूचक तुकडा वाजतो आणि तीच चाल द्रुत होते. मृत्यू झाला की तुटते. म्हणजे ही चाल कुणी सुरुवातीपासून शेवटपर्यंत ‘ऐकत’ नाही. तिला समाप्ती नाही, आवर्तन आहे, आणि सम कुठे येणार ते खेळणाऱ्याच्या हातात. पाश्चात्त्य संगीताच्या आरंभ-मध्य-अंत या घडणीपेक्षा आपल्या ठेक्याला हे जवळचे आहे, असे मला वाटते. अर्थात कोन्दो आपल्या ठेक्यांकडे पाहत नव्हता. त्याचे कान लॅटिन आणि जॅझच्या झुलत्या लयीवर होते.

पेटीवर ही चाल बसवताना मला तिचे खरे मर्म कळले. आपली पेटी एका हाताची. दुसरा हात भात्याला. वरची चाल सफेद एकमध्ये वाजवली की ओळखू येते, पण पोकळ वाटते. कारण अगदी पहिल्या आघातालाच वर ग असताना खाली तीव्र मध्यम आहे आणि खर्जात रिषभ. षड्ज अजून दिसलेलाच नसतो. कान अधांतरी टांगला जातो आणि मग पुढच्याच क्षणी घरी येतो. ती उत्सुकता वरच्या चालीत नाही, खालच्या दोन आवाजांत आहे. वर्गात आम्ही शेवटी तीन पेट्या घेऊन वाजवतो आणि चौथा विद्यार्थी खरखरीच्या जागी टाळ धरतो. यापेक्षा कमी माणसांत ती होत नाही, आणि यापेक्षा जास्त लागत नाहीत.

झेल्डाच्या वेळची हकिकत वेगळी आहे. सुरुवातीच्या दृश्याला राव्हेल या फ्रेंच संगीतकाराची ‘बोलेरो’ ही रचना वापरायचे ठरले होते. राव्हेल १९३७ च्या डिसेंबरात वारला. गेम संपत आला तेव्हा ध्यानात आले की रचनेवरचे हक्क अजून संपलेले नाहीत, थोडक्यासाठी अडले आहे. कोन्दोने एका दिवसात दुसरी सुरावट उभी केली. आज झेल्डा म्हटले की जी आठवते ती हीच. परक्याच्या हक्काचा एवढा काटेकोर विचार करणाऱ्या कंपनीने आपल्या संगीतकाराचे नाव मात्र ‘कोनचान’वर भागवले, हा विरोधाभास मला सोडवत नाही.

टोपणनावांमागे एक व्यवहार होता. त्या काळात जपानी कंपन्यांना भीती असे की प्रतिस्पर्धी नावे वाचून माणसे पळवतील. कॅपकॉम कंपनीत हे सर्रास चाले. व्हिडिओ पार्लरमध्ये नाणी टाकून खेळल्या जाणाऱ्या १९९१ च्या ‘स्ट्रीट फायटर टू’चे बहुतेक संगीत योको शिमोमुरा या पियानो शिकलेल्या तरुणीचे, नामावलीत ती ‘शिमो-पी’. ‘मेगा मॅन’चे संगीत करणारी मानामी मात्सुमाए अशीच गमतीशीर नावाखाली. या पिढीत स्त्री-संगीतकार बऱ्याच होत्या, आणि या नावांमुळे ते जगाला उशिरा कळले. आपल्याला हे परके वाटायचे कारण नाही. १९४९ च्या ‘महल’ची गाजलेली तबकडी आली तेव्हा गायिकेच्या जागी लता मंगेशकर नव्हे तर ‘कामिनी’ हे पात्राचे नाव छापलेले होते. आकाशवाणीची सकाळची सुरावट शिवरंजनीच्या अंगाची, कोट्यवधी लोक तिच्यावर उठले; तिचे श्रेय सहसा वॉल्टर कॉफमन या मुंबईत आश्रयाला आलेल्या ज्यू संगीतकाराला देतात, पण रेडिओने रोज सकाळी त्याचे नाव थोडेच घेतले?

तरी सगळेच पगारी संगीतकार निनावी राहिले असे नाही. प्रभात कंपनी १९३३ मध्ये कोल्हापुराहून पुण्यात आली तेव्हा केशवराव भोळे तिथे नोकरीवरच होते. ‘संत तुकाराम’चे संगीत त्यांचे, आणि ते त्यांच्या नावानिशी लोकांसमोर गेले. म्हणजे मारिओच्या पन्नास वर्षे आधी पुण्यातल्या एका कंपनीला हे सुचले होते. जपानी कायदा या बाबतीत कडक आहे. नोकरीचा भाग म्हणून केलेली आणि कंपनीच्या नावाने प्रसिद्ध झालेली कृती असेल तर कंपनीलाच तिचा कर्ता मानतात. फक्त मालक नव्हे, कर्ता. आपल्याकडेही मालकी नोकरी देणाऱ्याची, पण २०१२ च्या दुरुस्तीने चित्रपटातल्या गीतकार-संगीतकारांचा स्वामित्वधनातला वाटा त्यांच्याकडून काढून घेता येत नाही.

जपानात याला एक ठळक अपवाद झाला तो कोइची सुगियामा. १९८६ मध्ये ‘ड्रॅगन क्वेस्ट’ला संगीत दिले तेव्हा तो पंचावन्न वर्षांचा, दूरचित्रवाणीत आणि गाण्यांच्या धंद्यात मुरलेला. त्याने टोपणनाव घेतले नाही. १९८७ मध्ये टोकियोच्या सनटोरी हॉलमध्ये त्या गेमचे संगीत पूर्ण वाद्यवृंदाने वाजवले आणि तबकड्यांवर त्याचे नाव ठळक छापले गेले. नाव बाहेरून घेऊन आलेल्याला ते मिळाले, आत वाढलेल्याला थांबावे लागले.

कोन्दो मात्र थांबला, शब्दशः. त्याच कंपनीत, चाळीस वर्षांहून अधिक. त्याने काम काय केले ते पाहिले तर एकच प्रश्न तो नाना तऱ्हांनी सोडवत राहिल्यासारखा दिसतो: खेळणाऱ्याच्या हाताबरोबर संगीत कसे वाकेल? १९९० च्या ‘सुपर मारिओ वर्ल्ड’मध्ये मारिओ योशी नावाच्या डायनोसॉरवर बसला की चालू चालीत तालवाद्ये मिसळतात, उतरला की निघून जातात. १९९८ च्या ‘ओकारिना ऑफ टाइम’मध्ये त्याने मैदानावरची चाल लहान लहान तुकड्यांत कापली आणि यंत्राला ते हवे तसे जोडू दिले, शत्रू जवळ आला की तुकडे बदलतात. त्याच गेममध्ये खेळणाऱ्याच्या हाती एक मातीचे फुंकवाद्य दिले, पाच कळांवर पाच स्वर, आणि त्या पाचांत बसतील अशा छोट्या सुरावटी रचल्या. पाऊस पाडायला एक, सूर्य आणायला एक. मेघ-मल्हाराच्या आख्यायिका ऐकून वाढलेल्या आपल्याला हे फार ओळखीचे वाटेल. पाच स्वरांत इतक्या वेगवेगळ्या आकृती काढणे सोपे नाही; वर्गात करून पाहावे.

२००७ च्या ‘गॅलेक्सी’पर्यंत तरुण माहितो योकोता बहुतांश संगीत करत होता आणि कोन्दो गुरूच्या जागी होता. योकोताने सुरुवातीला जुन्या मारिओच्या वळणाचे लॅटिन ढंगाचे तुकडे आणले. कोन्दोने ते नाकारले. मारिओ गोंडस आहे ही समजूत डोक्यातून काढ, असे त्याने बजावले. आपलीच नक्कल परत आलेली त्याला नको होती. यातून शेवटी वाद्यवृंद आला.

मान उशिरा आणि बहुतेक परदेशातून आला. टोकियो ऑलिंपिकच्या उद्घाटनात, २३ जुलै २०२१ ला, देशोदेशीचे खेळाडू गेमच्या संगीतावर चालत आले. मेरी कोम आणि मनप्रीत सिंग तिरंगा घेऊन आले तेव्हाही. संचलन सुरू झाले ते नव्वदीतल्या सुगियामाच्या सुरांनी. दोन महिन्यांनी तो वारला. निन्टेंडोची, म्हणजे कोन्दोची, एकही चाल त्यात नव्हती. त्यानंतर २०२३ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांच्या राष्ट्रीय सूचीत मारिओची चाल घेतली, गेमच्या संगीतातली पहिलीच. तिथे नोंद कोजी कोन्दो या पूर्ण नावाने आहे.

त्याआधी तीन वर्षे, २०२० मध्ये, पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या कंपनीने ‘राजी’ हा आपल्या पुराणकथांवरचा गेम काढला. तो सर्वांत आधी विक्रीला आला तो निन्टेंडोच्या ‘स्विच’ या यंत्रावर. संगीतात भारतीय वाद्ये आहेत. संगीतकार ग्रीसचा, लिनोस त्झेलोस. माझ्या विद्यार्थ्यांनी तो वर्गात ऐकवला तेव्हा यंत्रावरून वाचून दाखवलेली पहिली गोष्ट हे नाव होती.